तक्रार नसलेला साबण

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर अकरा वर्षं साबण तयार होत होता आणि त्याबद्दल कुणाचीही काही तक्रार नव्हती. ही गंभीर बाब लेबल नियंत्रण कार्यालयाच्या लक्षात यायला इतका उशीर झाला, याचा दोष मी कार्यालयाला देणार नाही. मी स्वतः पाणीपुरवठा खात्यात मसुदा कारकून म्हणून एकोणतीस वर्षं काढली आहेत. जिथे काहीच बिघडलेलं नाही तिथे सरकारी माणसाचं लक्ष जायला वेळ लागतो, हे मी अनुभवानं सांगतो.

साबण करायच्या त्या वहिनी. माझ्या सख्ख्या वहिनी नव्हेत. मी वरच्या मजल्यावर राहतो, त्या खालच्या. त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून ते मास्तर. मास्तरांच्या आईंना सगळी इमारत सासूबाईच म्हणते, कारण त्या भूमिकेतलं त्यांचं काम इमारतीनं भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. असं तीन माणसांचं घर आणि मागच्या खोलीत साबण.

दिसायला तो अगदी साधा होता. पिवळट, चौकोनी, एका कडेला लाकडी साच्याचा व्रण. खोबरेल, एरंडेल, पाणी, कॉस्टिक सोडा आणि संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची पूड, एवढंच त्यात. वहिनींच्या आईच्या हातांना भेगा पडायच्या, पाणी लागलं की रक्त यायचं. तिच्यासाठी म्हणून वहिनींनी तो करून पाहिला. आईचे हात बरे झाले, पुढे आई गेली, साबण राहिला. वड्या पाडल्या की फळीवर मांडून सहा आठवडे मुरू द्यायच्या, हा वहिनींचा एकुलता एक नियम. "घाई केली की साबण रुसतो," असं त्या म्हणायच्या. मग खाकी कागद आणि वर सुती दोरा. कोपऱ्यावरचा न्हावी न्यायचा, दवाखान्यातल्या नर्सबाई न्यायच्या, मीही न्यायचो.

मग एक दिवस टपालानं 'लघुउत्पादकांसाठी लेबलविषयक सुलभ मार्गदर्शिका' आली. पानं एकशे चाळीस. वहिनींनी ती दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिली, कारण नियम हा माझा प्रांत आहे असं मी इमारतीत कधीचं सांगून ठेवलं होतं. लेबलावर अकरा बाबी हव्या होत्या. त्या नसतील तर विक्री बंद.

दहा बाबी आम्ही एका दुपारीत उरकल्या. मास्तरांनी लेबल स्वतःच्या हातानं काढलं आणि काय काढलं! त्या अक्षरांकडे पाहून साबण न घेताच हात स्वच्छ झाल्यासारखे वाटायचे. 'वापरण्याची पद्धत' या बाबीखाली आम्ही 'पाण्यासोबत वापरावा' असं लिहिलं. 'इशारा' या बाबीखाली 'खाण्यासाठी नाही' असं लिहिणं भाग होतं. ते ऐकून सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "इतकी वर्षं काय लोक चावून बघत होते?"

अकरावी बाब होती तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि भेटण्याची वेळ. हा अधिकारी साबण करणाऱ्या व्यक्तीहून वेगळा हवा. साहजिकच आमच्या सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या, कारण तक्रार या विषयात त्यांच्याइतका अधिकार कुणाचाच नव्हता. पण नियम पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं, की या पदावरच्या माणसानं तक्रारी करायच्या नसून ऐकायच्या आहेत. म्हणून मास्तर नेमले गेले.

नेमणुकीचं पत्र मी तयार केलं. वहिनींनी त्यावर मालक म्हणून सही केली आणि स्वयंपाकघराच्या दारातून ते मास्तरांच्या हाती दिलं. 'पूर्वानुभव' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'बत्तीस वर्षं आई आणि पत्नी यांच्या मधल्या खोलीत वास्तव्य.' मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून ते बोळात टेबल टाकून बसले. समोर नोंदवही, नोंदवहीवर पेन. पाचला उठले. असं रोज, तीन महिने. कुणीही आलं नाही. मास्तर समोर असलेल्या, छत्र्या ठेवायच्या लाकडी घडवंचीची चित्रं काढत राहिले आणि ती घडवंची मला त्यांच्या चित्रांमुळेच पहिल्यांदा आवडली.

चौथ्या महिन्यात निरीक्षकबाई आल्या. मला वाटलं होतं कुणी खाष्ट बाई येईल. पण त्या शांत, नीटनेटक्या आणि मनापासून नियम पाळणाऱ्या होत्या, आणि तसा माणूस खाष्ट माणसापेक्षा जड जातो. त्यांनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली, भिंग काढलं आणि लेबलावरच्या अक्षरांची उंची मोजली.

"एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. चोख आहे," त्या म्हणाल्या. "तक्रार नोंदवही?"

मास्तरांनी ती अभिमानानं उघडून दिली. निरीक्षकबाईंनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग शेवटचं.

"कोरी आहे."

"हो. तक्रारच आली नाही," मास्तर म्हणाले.

"तीन महिन्यांत एकही नाही?"

"तीन महिन्यांचं काय घेऊन बसलात, अकरा वर्षांत नाही," वहिनी आतून म्हणाल्या. चूक इथेच झाली.

निरीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, लेबलावर तुम्ही लिहिलंय, तक्रारींचं निवारण केलं जाईल. कुणाच्या तक्रारीचं केलंत?"

"कुणी आलंच नाही, तर कुणाचं करणार?"

"म्हणजे केलं नाही. जे होत नाही ते लेबलावर लिहिणं म्हणजे ग्राहकाची दिशाभूल. कलम सव्वीस."

"मग ती ओळच काढून टाकतो," मास्तर म्हणाले.

"काढलीत तर कलम अकरा."

मी तिथेच उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला भरून आलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत इतका चहूबाजूंनी बंद मुद्दा मी पाहिला नव्हता. एकोणतीस वर्षं आम्ही नळाला पाणी का नाही याची कारणं शोधत होतो; पाणी असलं तरी ते बेकायदा ठरू शकतं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी तीस दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात किमान तीन तक्रारी नोंदवून, त्यांचं निवारण करून, सुधारलेला नमुना दाखवायचा. नाहीतर विक्री बंद. तीनच का, असं मी केवळ जिज्ञासेपोटी विचारलं.

"एक असली तर योगायोग असतो. दोन असल्या तर नातेवाईक असतात," त्या म्हणाल्या. "तीन झाल्या की यंत्रणा म्हणता येते."

मोजमाप करताना त्यांच्या बोटांना शाई लागली होती. वहिनींनी त्यांना मोरीशी नेऊन साबणाची वडी दिली. निरीक्षकबाई हात धुऊन आल्या, पुसले, मग थोडा वेळ हातांकडेच बघत राहिल्या. "छान आहे हो. माझ्या हातांना कुठलाच साबण सोसत नाही. हा लागला नाही बघा."

"मग हेच लिहा की वहीत," वहिनी म्हणाल्या.

निरीक्षकबाईंनी खरोखर वही पुन्हा उघडली. अनुक्रमांक, दिनांक, तक्रारदार, तक्रारीचे स्वरूप, केलेली सुधारणा, समाधान झाल्याची सही. रकान्यांवरून बोट फिरवत त्या शेवटापर्यंत गेल्या. "तसा रकाना नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला दिसलं. जाताना त्यांनी दोन वड्या घेतल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तक्रारी शोधायला निघालो. न्हाव्यानं वस्तरा हातात तसाच धरून विचार केला आणि म्हणाला, "काय तक्रार करू, मास्तर? गिऱ्हाईक म्हणतात, दाढी कधी झाली कळतसुद्धा नाही." मास्तरांनी फार आग्रह केला तेव्हा त्याला संशय आला. "एवढं विचारताय म्हणजे साबणात काही निघालंय का?" संध्याकाळपर्यंत ही शंका रस्ताभर झाली. नर्सबाईंनी त्या आठवड्यात साबण नेला नाही. ज्यांनी नेला त्यांनी हुंगून नेला. तक्रार मात्र एकानंही दिली नाही. चांगल्या घरच्या बाईच्या पोटावर पाय कोण देणार, असं प्रत्येकजण म्हणत होता.

शेवटी मास्तर वही घेऊन आईपाशी गेले. ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. बत्तीस वर्षांत त्या घरात भात, पडदे, लाटणं, दाराची कडी, सुनेची चाल आणि सुनेचं गप्प बसणं या सगळ्यांवर सासूबाईंनी बोट ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावला, वही मांडीवर घेतली, पेन मागितलं. मग त्यांनी पेन परत केलं.

"साबणात खोट नाही," त्या म्हणाल्या. "सुनेत काढायला सांगा, वही भरून देते."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बत्तीस वर्षांत सासूबाईंच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं ते पहिलं कौतुक, आणि तेही नेमकं विक्री बंद व्हायला कारण होणारं. त्या आत निघून गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

तेव्हा मी पुढे झालो. मी स्वतः साबणाचा जुना ग्राहक होतो, नातेवाईक नव्हतो आणि माझा मसुद्याचा हात गंजत चालला होता. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा. मी अशा तक्रारी लिहितो, की दिसायला तक्रार आणि वाचली तर स्तुती." रात्रभर बसून मी तिन्ही लिहिल्या. आजही त्या मला पाठ आहेत.

'एक: सदर साबणाची एक वडी तीन माणसांच्या घरात सव्वा महिना टिकते, परिणामी ग्राहक नवीन वडी घेण्याच्या आनंदापासून दीर्घकाळ वंचित राहतो. दोन: साबणाचा वास केवळ धुणाऱ्याच्या हातापुरता मर्यादित राहतो, शेजाऱ्यांस त्याचा कोणताही लाभ होत नाही. तीन: फेस माफक येत असल्याने आपण नेमके किती स्वच्छ झालो याचा अंदाज बांधणे ग्राहकास कठीण जाते.'

मास्तरांनी त्या मोत्यासारख्या अक्षरात वहीत उतरवल्या. मी तीनदा सही केली. आम्ही तिघं हसलो, चहा झाला. मग मास्तरांचं पेन 'केलेली सुधारणा' या रकान्याशी आलं आणि थांबलं.

"इथे काय लिहू?"

"लिहा, ग्राहकाची समजूत घातली."

मास्तरांनी मार्गदर्शिकेचं एकशे सतरावं पान उघडून माझ्यापुढे धरलं. सुधारणा दोनच प्रकारची असू शकत होती: उत्पादनात बदल केला, किंवा उत्पादन मागे घेतलं. समजूत हा प्रकार कार्यालयाला मान्य नव्हता.

"मग लिहून टाका, बदल केला म्हणून. कोण बघतंय?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "मी पोरांना आयुष्यभर सांगत आलो, समोर आहे तेच काढा. आता नसलेलं काढू? आणि नमुना दाखवायचाय, भाऊ. बाई भिंगातून बघतात."

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढं छान लिहिता. मग एवढंच लिहायचं होतं, कागद खाकी का म्हणून. आम्ही पांढरा केला असता."

मला ते सुचलं नव्हतं. दोरा जाड आहे, लेबल तिरकं लागलंय, असलं काहीही चाललं असतं. पण तसली मिळमिळीत तक्रार माझ्या हातून लिहिली गेली नसती. साबणाच्या थेट वर्मावर बोट ठेवलं, तेव्हाच मला मसुदा जमल्यासारखा वाटला. नोंदवहीत एकदा चढलेली तक्रार खोडता येत नाही, हेही एकशे सतराव्या पानावर होतंच.

वड्या लवकर संपायला हव्या, म्हणून सहा आठवड्यांऐवजी दोनच आठवडे मुरवायचं ठरलं. नाहीतरी तीस दिवसांत सहा आठवडे बसवणं कुणाच्याच हातात नव्हतं. शेजाऱ्यांना वास जावा म्हणून बाजारातून गुलाबाच्या वासाची बाटली आणली आणि फेसासाठी एक पांढरी पावडर. वहिनींनी ते सगळं कालवलं. वड्या पाडताना त्या एकदाच म्हणाल्या, "रुसणार हा." मी वहीत तीन ठिकाणी सही केली: माझे पूर्णतः समाधान झाले आहे. चौथ्या दिवशी माझ्या मोरीतली वडी साबणदाणीत पसरून बसली होती आणि गुलाबाचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता.

निरीक्षकबाईंनी नमुना पाहिला, वही पाहिली आणि विक्रीला मोकळीक दिली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्याच आठवड्यात न्हावी कागदावर एक लगदा घेऊन बोळात आला.

"मास्तर, हा साबण आहे की खळ? चार दाढ्यांत वाटी साफ!"

मास्तर उठून उभेच राहिले. आयुष्यातला पहिला खरा तक्रारदार समोर होता. "बसा," ते म्हणाले, "सावकाश, पहिल्यापासून सांगा."

न्हाव्याच्या तक्रारीवरून साबण घट्ट करायला एक भुकटी घातली. भुकटीनं तो करडा झाला, तशी नर्सबाईंनी रंगाची तक्रार केली. रंग घातला, तो टॉवेलाला लागला. रंग पक्का करायला एक द्रव घातला, त्यानं कातडी कोरडी पडली. ती मऊ करायला मलई घातली, मलई टिकावी म्हणून टिकवणारं काहीतरी घातलं. खाकी कागदाला डाग पडायला लागले, म्हणून चकचकीत वेष्टन आलं. त्यात वडीला घाम यायला लागला. घटक पाचाचे एकोणीस झाले. ते सगळे एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटरमध्ये हातानं लिहिणं मास्तरांना अशक्य झालं आणि लेबलं छापून यायला लागली.

बोळात चार ते पाच रांग लागू लागली. मास्तर खुलले होते, हे मी मान्य करतो. सासूबाईंनाही पलंगावरून उठून बोळात खुर्ची मिळाली. तक्रारदारांना तयार करून पुढे पाठवणं हे काम त्यांनी आपणहून घेतलं. "नुसतं 'वाईट आहे' म्हणू नकोस," त्या एका नवख्या मुलीला सांगत होत्या. "कधीपासून, कुठे, किती, ते सांग. आणि सांगून झालं की लगेच उठू नकोस, जरा बसून राहा. त्यानं जास्त लागतं." संध्याकाळी वही मिटताना त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी नुसती तोंडानं बोलत राहिले, एकातही सुधारणा झाली नाही. वहीत लिहायला हवं होतं."

वर्षाच्या शेवटी निरीक्षकबाई पुन्हा आल्या. वही अर्ध्याहून जास्त भरली होती. त्यांनी ती पहिल्या पानापासून चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एक्केचाळीस तक्रारी, एक्केचाळीस सुधारणा! बाई, सबंध विभागात असं दुसरं घर नाही."

त्यांनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. आता लेबलावर सोनेरी गोल शिक्का छापायची परवानगी होती: 'तक्रार-तत्पर उत्पादन'. शिक्का बघून लोक विश्वासानं साबण घ्यायला लागले. पूर्वी महिन्याला जेवढ्या वड्या जायच्या तेवढ्या आता आठवड्याला जातात. दूरच्या दुकानदारांची पत्रं येतात. कागदोपत्री बघितलं तर आमच्या इमारतीत याहून चांगली गोष्ट कधी घडलेली नाही.

निघताना निरीक्षकबाई दारात घुटमळल्या. मग आवाज खाली आणून वहिनींना म्हणाल्या, "तो पहिला साबण आहे का हो एखादा? पिवळा?"

वहिनींनी मागच्या खोलीकडे पाहिलं. तिथे फळीवर सगळीकडे गुलाबी वड्या होत्या. एका कोपऱ्यात मात्र कापडाखाली सात पिवळ्या वड्या होत्या, हे मला माहीत होतं.

"आहे. पण त्याच्यावर एकही तक्रार नाही, बाई," वहिनी म्हणाल्या. "विकता येत नाही तो."

निरीक्षकबाईंनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपले हात पिशवीआड घेतले. ते लाल झालेले होते.

वहिनींचे हात मी तोवर पाहिले नव्हते. प्रमाणपत्र घेताना पाहिले. भुकट्या आणि द्रव कालवून कालवून बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. त्या सात वड्या कशासाठी ठेवल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. पुन्हा का करत नाही, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "सहा आठवडे ठेवायला फळी रिकामी कुठे आहे आता?"

मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर आल्यावर म्हटलं, "मास्तर, लिहा. पूर्वीचा साबण उत्तम होता. तो परत सुरू करावा."

मास्तरांनी पेन उचललं, मग ठेवलं. "भाऊ, ही तक्रार नाही. ही स्तुती झाली."

"मग स्तुती म्हणून लिहा."

"कुठे लिहू?" त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. सहा रकाने होते, त्यांतला एकही रिकामा नव्हता. पहिल्या पानावरच्या पहिल्या तीन ओळींत माझी सही होती, सहा वेळा.

वहिनी दारात आल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊजी, हे तुम्हांला आज आठवलं?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं तुम्ही नेलात तो साबण. रकाना तेव्हाही नव्हता, पण मी होते की इथे. दाराशी उभी असायचे. एकदा तरी म्हणालात, बरा होतो म्हणून?"

मी आठवून पाहिलं. हजारो पत्रं लिहिलेला माणूस मी. पण अकरा वर्षांत त्या दाराशी मी फक्त "दोन द्या" एवढंच बोललो होतो. माझ्या मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली, म्हणून मी बाजूला झालो.

ही हकीकत मी शक्य तितकी काळजीपूर्वक लिहिली आहे. तरी सासूबाईंच्या तोंडी बत्तीसाची चौतीस वर्षं झाल्याचं तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. त्या दोन वर्षं वाढवूनच सांगतात आणि मी ती मुद्दाम कमी केली नाहीत. त्याबद्दल तुमचं पत्र येईल याची मला खात्री आहे. बाकीच्याबद्दल येणार नाही, याचीही आहे. मी काही तुम्हांला दोष देत नाही. आज सकाळी तुमच्यापुढेही कुणीतरी चहा आणून ठेवला असेल. चांगलाच झाला असणार. कारण तुम्ही काहीच बोलला नाहीत.